सिंधुदुर्ग किनाऱ्यावरील दोन फळवाघळे : आश्रयस्थान, आहार आणि संरक्षणाचा दर्जा यांचे तुलनात्मक विवेचन

प्रास्ताविक

‘वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२’ या कायद्याला जोडलेल्या पाचव्या अनुसूचीत उपद्रवी प्राण्यांची एक छोटी यादी होती. कावळा, उंदीर, घूस आणि त्यांच्याच पंगतीत ‘फळवाघळे’ बसविलेली होती. फळांवर जगणाऱ्या वाघळांच्या डझनभराहून अधिक जाती भारतात आढळतात. या नोंदीने त्यांच्यात कोणताही भेद केला नव्हता. कोणतेही फळवाघूळ परवान्यावाचून मारण्याची मुभा असा तिचा व्यावहारिक अर्थ होता. योगायोग असा की, ज्या वर्षी हा कायदा झाला त्याच वर्षी, म्हणजे १९७२ मध्ये, दक्षिण भारतातील एका दुर्मीळ फळवाघळाचे शास्त्रीय वर्णन प्रथमच प्रसिद्ध झाले व त्याला डॉ. सलीम अली यांचे नाव देण्यात आले. त्या जातीला पुढे पहिल्या अनुसूचीचे सर्वोच्च संरक्षण मिळाले. तिची भावंडे मात्र पाचव्या अनुसूचीतच राहिली. २०२२ च्या दुरुस्तीने ही अनुसूची रद्द झाली आणि १ एप्रिल २०२३ पासून ती दुरुस्ती अंमलात आली.

कायद्यातून सरसकट शब्द गेला तरी समाजाच्या मनातील सरसकट समजूत अद्याप गेलेली नाही. मालवण किनाऱ्यावरील बागायतदार, मंदिराचे विश्वस्त किंवा ग्रामपंचायतीचे सदस्य ‘वाघूळ’ म्हणतात तेव्हा त्यांच्या मनात बहुधा एकच प्राणी असतो. प्रस्तुत लेखात याच किनारपट्टीच्या संदर्भात दोन सगोत्र जातींची तुलना केली आहे. एक म्हणजे मोठे फळवाघूळ, शास्त्रीय नाव टेरोपस मेडियस. दुसरे गुहावासी फळवाघूळ, शास्त्रीय नाव रूसेट्टस लेशेनॉल्टी. दोन्ही टेरोपोडिडी या एकाच कुलातील आहेत, दोन्ही फळे आणि मध यांवर जगतात आणि दोन्ही रात्री एकाच झाडावर भेटू शकतात. परंतु दिवस ती कोठे काढतात यात मूलभूत फरक आहे, आणि त्यांच्या संरक्षणाचा प्रश्न या फरकाभोवतीच फिरतो.

दोन जातींची ओळख

मोठे फळवाघूळ हे भारतातील सर्वांत मोठे वाघूळ होय. पूर्ण वाढलेल्या नराचे वजन सव्वा ते दीड किलोपर्यंत जाते आणि पसरलेल्या पंखांची रुंदी सव्वा मीटरच्या आसपास भरते. डोके व मानेभोवतीची लव तांबूस-सोनेरी, पंख काळे, चेहरा कुत्र्यासारखा निमुळता आणि डोळे टपोरे. शेपूट नसते. जुन्या पुस्तकांत ते टेरोपस जायगँटियस या नावाने येते. त्या नावाच्या ग्राह्यतेचा प्रश्न २०१२ मध्ये उपस्थित झाल्यापासून मेडियस हे नाव रूढ झाले आहे. जुनी व नवी साधने एकत्र वाचणाऱ्या अभ्यासकाने ही दोन नावे एकाच प्राण्याची आहेत हे ध्यानात ठेवलेले बरे.

गुहावासी फळवाघूळ त्यामानाने अगदी लहान असते. वजन शंभर ग्रॅमच्या आत-बाहेर, रंग सर्वांगी तपकिरी, शेपूट आखूड पण स्पष्ट. १८२० मध्ये पुद्दुचेरीच्या नमुन्यावरून या जातीचे वर्णन झाले आणि लेशेनॉल्ट या फ्रेंच निसर्गसंग्राहकाचे नाव तिला मिळाले. दक्षिण आशियापासून आग्नेय आशियापर्यंत तिचा प्रसार आहे. सामान्य माणूस हिला क्वचितच पाहतो. मोठे फळवाघूळ गावाच्या वेशीवर दिवसाढवळ्या लटकलेले आणि कलकलाट करीत असलेले दिसते. हे मात्र काळोखातून निघते आणि काळोखातच परतते.

किनाऱ्यावर आढळणारी एक तिसरी जात येथे वेगळी काढणे आवश्यक आहे. कानांना पांढरी कड असलेले लहान नाकाचे फळवाघूळ भेरली माडासारख्या ताडवर्गीय झाडांची पाने व फळांचे घोस कुरतडून त्यांचा आडोसा करते. आकाराने ते गुहावासी फळवाघळाच्या जवळ जाते, त्यामुळे रात्री बागेत दिसलेल्या लहान फळवाघळाची ओळख घाईने पटवू नये. किडे खाणारी छोटी वाघळे तर निराळ्याच कुलांतील असतात. त्यांना आणि पाकोळी नावाच्या पक्ष्याला बोलीत कधीकधी एकच नाव पडते, त्यामुळे गोंधळात आणखी भर पडते.

जिभेचा टिचकारा

कीटकभक्षी वाघळे कंठातून उच्च वारंवारितेचे ध्वनी काढून त्यांच्या प्रतिध्वनीवरून अडथळे व भक्ष्य ओळखतात, हे सर्वज्ञात आहे. फळवाघळांच्या कुलात ही कंठजन्य क्षमता नाही. मोठे फळवाघूळ संपूर्णपणे डोळे आणि नाक यांवर विसंबून असते. संधिप्रकाशात व चांदण्यात त्याची दृष्टी उत्तम चालते. निबिड काळोखात मात्र ती निरुपयोगी ठरते. त्यामुळे गुहेच्या पोटात राहणे या प्राण्याला शक्यच नाही. त्याला उघडे झाड लागते.

रूसेट्टस प्रजातीने या मर्यादेवर स्वतःची अशी तोड काढली आहे. ही वाघळे जीभ टाळूवर आपटून टिचकारे काढतात आणि त्यांच्या प्रतिध्वनीवरून भिंत, खांब, कमान यांचा अंदाज घेतात. या टिचकाऱ्यांतील काही अंश मानवी कानालाही ऐकू येतो. कीटकभक्षी वाघळांच्या तुलनेत ही पद्धत साधी वाटते, परंतु तिच्यामुळे फळवाघळांच्या कुलाला सहसा बंद असलेले एक दार उघडले. नैसर्गिक गुहा, किल्ल्यांतील भुयारे, पडक्या वास्तूंचे अंधारे कोनाडे, वापरात नसलेल्या खोल विहिरी अशी सारी जागा या जातीला खुली झाली. तेथे ऊन, वारा, पाऊस आणि घारी-ससाण्यांपासून आयतेच संरक्षण मिळते.

याच किनाऱ्यावर या युक्तीचे दुसरे उदाहरण आहे. वेंगुर्ल्यासमोरील समुद्रात असलेल्या खडकाळ बेटांपैकी एकावरील गुहेत भारतीय पाकोळीची मोठी वसाहत आहे. हा पक्षीही काळोखात टिचकारे काढून वाट शोधतो आणि म्हणूनच गुहेच्या आत खोलवर, जेथे प्रकाश पोचत नाही तेथे, लाळेने चिकटविलेली घरटी बांधू शकतो. पक्षी आणि सस्तन प्राणी यांनी परस्परांशी संबंध नसताना एकाच अडचणीवर सारखाच उपाय शोधला, याचे इतके जवळचे उदाहरण प्राणिशास्त्राच्या वर्गात क्वचितच देता येते. पाकोळीची घरटी खाद्यपदार्थ म्हणून परदेशी बाजारात विकली जातात. त्यामुळे वेंगुर्ल्याच्या या गुहेतून ती चोरली जात होती. सन २००० नंतरच्या दशकाच्या आरंभी चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्गमित्र’ या संस्थेने वन विभागाच्या साहाय्याने तेथे संरक्षणाचे काम हाती घेतले. या कामाचा वाघळांशी थेट संबंध नाही. परंतु गुहेत राहणाऱ्या प्राण्याला वाचवायचे तर गुहेचे तोंड सांभाळावे लागते, एवढे त्यातून निश्चित दिसते.

झाड आणि गुहा : दोन निराळी संकटे

मोठ्या फळवाघळाच्या वसाहतीला वड, पिंपळ, आंबा, चिंच यांसारखी उंच, विस्तीर्ण आणि बहुधा जुनी झाडे लागतात. शक्यतो जवळपास पाणी असते. एकाच झाडावर वा झाडांच्या समूहावर ती पिढ्यान्‌पिढ्या टिकून राहतात. दुपारच्या उन्हात ती पंखांनी वारा घेतात आणि अंगाला लाळ लावून शरीर थंड राखतात. तरीही तापमान फार वाढले की ती झाडाखाली मरून पडतात. उत्तर व मध्य भारतातील उष्णतेच्या लाटांत असे प्रसंग घडलेले आहेत. कोकणची हवा दमट असली तरी तेथे पारा तितका चढत नाही, म्हणून हा धोका येथे तुलनेने कमी आहे. येथील खरा धोका झाडालाच आहे. मुंबई–गोवा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६६ च्या चौपदरीकरणात कणकवली–कुडाळ पट्ट्यातील रस्त्याकाठची जुनी झाडे गेली. मे २०२१ मधील तौक्ते चक्रीवादळाने मालवण, देवगड, वेंगुर्ले या तालुक्यांतील असंख्य झाडे उन्मळून टाकली. तोडलेल्या झाडामागे नवी रोपे लावल्याचा हिशेब सरकारी कागदावर जुळतो. परंतु वाघळांच्या हिशेबात दहा वर्षांचे रोप आणि शंभर वर्षांचा वड यांची बरोबरी होत नाही. याशिवाय उघड्या वीजवाहिन्यांत पंख अडकून मरणाऱ्या मोठ्या फळवाघळांचे दृश्य भारतात सर्वत्र परिचित आहे. दोन तारांमधील अंतर त्याच्या पंखांच्या रुंदीपेक्षा कमी असते, एवढेच त्याचे कारण.

ग्रामीण समाजाची या जातीकडे पाहण्याची दृष्टीही दुहेरी आहे. देवराईत किंवा मंदिराच्या आवारात ती असली तर देवाच्या भीतीने तिला कोणी हात लावीत नाही. अन्यत्र मात्र दम्यावर वा संधिवातावर औषध म्हणून तिचे मांस व चरबी यांना मागणी असते. या उपचाराला वैद्यकीय आधार नाही, आणि असे वाघूळ हाताळण्यात धोका आहे, याचा विचार पुढे केला आहे. कोकणातील देवरायांनी झाडांबरोबर त्यांवरील रहिवासीही राखले, हे मान्यच करावे लागते. मात्र देवराईतील मंदिराचा जीर्णोद्धार करताना सभामंडपासाठी जुनी झाडे काढली जातात तेव्हा श्रद्धेचे हे कवचही गळून पडते.

गुहावासी फळवाघळाची अडचण याच्या उलट आहे. वृक्षतोडीचा फटका त्याच्या अन्नाला बसतो, पण घराला थेट बसत नाही. त्याचे घर म्हणजे बहुधा कोणाच्याही दृष्टीने ‘रिकामी’ जागा असते. पडका वाडा पाडला जातो, भुयाराचे तोंड सुरक्षिततेसाठी चिणले जाते, वापरात नसलेली विहीर बुजवली जाते, किल्ल्याची डागडुजी होते. यांतील कोणतेही काम वाईट हेतूने होत नाही. काही कामे तर वारसाजतनाची म्हणून कौतुकास पात्रच ठरतात. परंतु एका अंधाऱ्या दालनात शेकडो वा हजारो वाघळे दाटीने राहत असतील तर एका दिवसाच्या कामात सारी वसाहत उद्ध्वस्त होऊ शकते. सिंधुदुर्ग, विजयदुर्ग, निवती, यशवंतगड असे जलदुर्ग व किनारी किल्ले आणि वेंगुर्ल्याची डच वखार यांनी नटलेल्या या जिल्ह्यात पुरातत्त्व आणि प्राणिशास्त्र यांची गाठ पडणे अपरिहार्य आहे. डागडुजीपूर्वी आतील प्राण्यांची पाहणी करण्याची पद्धत मात्र अजून रुजलेली नाही. सागरी जीवांसाठी १९८७ मध्ये घोषित झालेल्या मालवण सागरी अभयारण्यामुळे येथे संरक्षणाचा विचार स्वाभाविकपणे समुद्राकडे वळतो. किनाऱ्यावरचा वड किंवा बुरुजाच्या पोटातील अंधार त्या कक्षेत येत नाही.

बागायतदाराचा हिशेब

फळवाघळांना उपद्रवी ठरविण्यामागे बागायतीच्या नुकसानीचे कारण होते. ते सर्वस्वी खोटे नाही. चिकू, पेरू, केळी, जांभूळ यांचे पिकलेले फळ दोन्ही जाती खातात, आणि लहान बागायतदाराला त्याची झळ पोचते. परंतु सिंधुदुर्गाचे अर्थकारण ज्या दोन पिकांवर उभे आहे त्यांच्याबाबत चित्र निराळे आहे. देवगडचा हापूस बाजारासाठी झाडावर पिकू दिला जात नाही. चौदा आणे तयार झालेले हिरवे फळ झेल्याने उतरवले जाते आणि अढीत पिकते. वाघूळ वास आणि मऊपणा यांवरून पिकलेले फळ निवडते. त्यामुळे त्याच्या वाट्याला प्रायः काढणीतून सुटलेले किंवा झाडावरच पिकलेले फळ येते. काजूच्या बाबतीत वाघळाला हवा असतो तो रसाळ बोंडू. ते बोंडू बीसकट तोडून दुसऱ्या झाडावर नेते, रस शोषून चोथा टाकते आणि बी अखंड खाली पडते. पिकलेल्या सुपारीची साल चोखून सुपारी टाकून देण्याची त्याची सवयही अशीच आहे. केरळात शेतकऱ्यांच्या मुलाखतींवर आधारलेला एक अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. वाघळांच्या थाऱ्यांखाली पडलेल्या काजू बिया व सुपाऱ्या तेथील लोक गोळा करतात, असे त्यात नोंदविले आहे. नुकसान कोणाच्या बागेत झाले आणि बी कोणाच्या अंगणात पडली, हा वाद अर्थातच उरतो.

उंडीचे उदाहरण या किनाऱ्याला अधिक जवळचे आहे. समुद्रकाठच्या रेताड जमिनीत वाढणाऱ्या या झाडाच्या बियांचे कडू तेल, म्हणजे उंडेल, पूर्वी दिव्यांत जळे आणि होड्यांच्या लाकडाला लावले जाई. उंडीचे जड फळ वाऱ्याने दूर जात नाही. समुद्राच्या पाण्यावर ते तरंगते, पण किनाऱ्यापासून आत जमिनीवर नेणारे वाहन मुख्यतः फळवाघूळ हेच. वड, पिंपळ, उंबर यांच्या बारीक बिया तर पोटातून अर्ध्या तासाच्या आत बाहेर पडतात, आणि त्या बहुधा उडताउडताच. कातळसड्यावरील फटीत एकाकी उगवलेल्या वडाचे कोडे यातून पुष्कळसे सुटते. फुलांच्या बाबतीत काटेसावर आणि टेटू यांसारखी रात्री मधुरस देणारी झाडे वाघळांना परागवहनाचे काम देतात. जड अंगाचे मोठे वाघूळ फुलोऱ्याची थोडी नासधूसही करते. लहान गुहावासी जात फुलाशी अधिक नेटकेपणे वागते.

प्रजनन आणि धोक्याची श्रेणी

मोठ्या फळवाघळाची मादी वर्षातून एकदाच, साधारण उन्हाळ्याच्या आगेमागे, एकच पिल्लू देते. गुहावासी फळवाघळाच्या प्रजननाचा पाया घालणारे संशोधन महाराष्ट्रातच झाले. नागपूरच्या वाघूळ-संशोधनाच्या परंपरेतील ए. गोपालकृष्ण आणि पी. एन. चौधरी यांनी १९७७ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात या जातीवर सविस्तर लेख प्रसिद्ध केला. ही जात वर्षातून दोनदा, एकामागोमाग, गाभण राहते, असे त्यातून स्पष्ट झाले. पहिले गर्भारपण नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत आणि दुसरे मार्चपासून जुलैपर्यंत. प्रत्येक वेळी पिल्लू एकच.

या तपशिलावरून अशी अपेक्षा निर्माण होते की, वर्षाला दोन पिल्ले देणारी जात सुस्थितीत असावी आणि एकच देणारी अडचणीत. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीत नेमके उलटे आढळते. मोठे फळवाघूळ ‘किमान चिंतेच्या’ श्रेणीत आहे, तर गुहावासी फळवाघूळ ‘संकटसमीप’ श्रेणीत गणले जाते. आग्नेय आशियातील गुहांत मांसासाठी होणारी शिकार आणि गुहांची मोडतोड यांचा भार त्यामागे आहे. व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या साइटीस कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात मात्र मोठ्या फळवाघळाचा समावेश आहे आणि रूसेट्टस लेशेनॉल्टीचा नाही.

हा विरोधाभास यादीचा दोष म्हणून पाहणे योग्य नव्हे. लाल यादी जातीच्या संपूर्ण प्रसारक्षेत्राचा विचार करते. पाकिस्तानपासून म्यानमारपर्यंत पसरलेल्या मोठ्या फळवाघळाला ‘किमान चिंता’ असे म्हटले, तर मसुरे किंवा आचरा येथील एखाद्या वडावरील वसाहतीबद्दल ते काहीच सांगत नाही. त्याच जातीची लोकसंख्या घटत असल्याची नोंदही त्याच मूल्यांकनात आहे, आणि ती सहसा वाचली जात नाही. वर्षाला एकच पिल्लू देणाऱ्या प्राण्याची वसाहत एकदा निम्म्यावर आली तर ती भरून येण्यास अनेक वर्षे लागतात. भारतापुरता विचार केला तर, श्रेणी खालची असली तरी, शिकार आणि वृक्षतोड यांचा धक्का सोसण्याची क्षमता मोठ्या फळवाघळात कमी आहे, असे म्हणावे लागते.

रोगाची भीती

२०१८ मध्ये केरळात निपाह विषाणूचा उद्रेक झाला आणि फळवाघळांविषयीची भीती देशभर पसरली. मोठे फळवाघूळ या विषाणूचे नैसर्गिक आश्रयस्थान आहे हे मान्य झालेले आहे. महाराष्ट्राच्या दृष्टीने महत्त्वाची माहिती २०२१ मध्ये पुढे आली. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेने मार्च २०२० मध्ये महाबळेश्वरच्या गुहेतील वाघळांचे नमुने घेतले होते. त्यांपैकी गुहावासी फळवाघळांत या विषाणूविरुद्धची प्रतिपिंडे आढळली. म्हणजे या बाबतीत दोन्ही जाती एकाच बाजूला येतात.

यावरून वसाहती हुसकावण्याचा निष्कर्ष काढणे शास्त्रदृष्ट्या चुकीचे ठरते. हुसकावलेली वाघळे नाहीशी होत नाहीत. ती विखुरतात आणि नव्या जागी, नव्या वस्तीजवळ जातात. ताणाखालील प्राण्याकडून विषाणूचे उत्सर्जन वाढण्याची शक्यताही अभ्यासक मांडतात. प्रतिबंधाचा मार्ग संपर्क टाळण्याचा आहे. बांगलादेशात खजुराच्या रसातून हा रोग माणसांत शिरला, म्हणून तेथे रसाच्या मडक्याभोवती बांबूची झडप बांधण्याचा उपाय पुढे आला. सिंधुदुर्गात नारळाची व भेरली माडाची माडी काढली जाते; मडक्याचे तोंड झाकण्याची खबरदारी येथेही सहज घेता येईल. उष्टे फळ न खाणे, वाघूळ हाताने न उचलणे आणि औषधासाठी त्याची शिकार न करणे, या साध्या गोष्टी आरोग्य आणि संरक्षण या दोन्ही हेतूंना उपकारक आहेत.

स्थानिक नोंदीची गरज

दुरुस्त कायद्यात एखाद्या प्राण्याला ठरावीक प्रदेशापुरते व ठरावीक काळापुरते उपद्रवी घोषित करण्याचा अधिकार केंद्र शासनाने राखून ठेवला आहे. अशी मागणी उद्या एखाद्या जिल्ह्यातून पुढे आली तर तिचा विचार कोणत्या आकड्यांवर व्हावा, हा प्रश्न उरतोच. जैविक विविधता अधिनियम, २००२ अन्वये स्थानिक स्वराज्य संस्थांच्या पातळीवर जैवविविधता व्यवस्थापन समित्या आणि लोक जैवविविधता नोंदवह्या यांची तरतूद आहे. फळवाघळांचे थारे या नोंदवहीत जातीनिहाय घालता येतील. मोठ्या फळवाघळाची मोजणी तुलनेने सोपी आहे : सूर्यास्तानंतर वसाहत झाड सोडते तेव्हा दोन-तीन दिशांना उभे राहून बाहेर पडणाऱ्या वाघळांची गणती करावी, आणि तीच गणती हिवाळ्यात व पिल्ले मोठी झाल्यानंतर पुन्हा करावी. झाडाची जात, घेर, मालकी आणि जवळची वीजवाहिनी यांची नोंद सोबत असावी. गुहावासी जातीसाठी आत शिरण्याची गरज नाही. भुयाराच्या तोंडाशी लाल प्रकाशाच्या मंद विजेरीने बाहेर पडणारे थवे मोजता येतात. मार्च आणि जुलै हे पिल्लांचे महिने असल्याने त्या काळात आतील पाहणी, सफाई आणि डागडुजी टाळावी, आणि ही अट किल्ले व जुन्या वास्तूंच्या कामाच्या निविदेतच लिहिली जावी.